एकाच महिन्याची अनेक आवर्तने

कालचक्रात अडकलेला नायक आणि जादूचे विद्यालय या दोन्ही कल्पना वापरून गुळगुळीत झाल्या असल्या, तरी डोमागोय कुर्माइच या क्रोएशियन लेखकाने २०११ ते २०२० या काळात आंतरजालावर क्रमशः लिहिलेली ‘मदर ऑफ लर्निंग’ ही इंग्रजी कादंबरी वाचकांनी अवश्य हाती घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. झोरियन हा तुसडा विद्यार्थी उन्हाळी उत्सवाच्या रात्री शहरावरील हल्ल्यात मरतो आणि महिनाभर आधीच्या सकाळी, धाकटी बहीण पोटावर धाडकन आदळताच, पुन्हा जागा होतो. वह्या, पैसा, ओळखीपाळखी सारे पुसले जाते. शिल्लक राहते ती केवळ स्मृती आणि अंगवळणी पडलेली विद्या. त्याची मांत्रिक शक्ती बेताचीच असल्याने प्रत्येक सिद्धी सूक्ष्म नियंत्रणाच्या कंटाळवाण्या सरावातून येते, आणि या प्रगतीचा लेखकाने ठेवलेला चोख जमाखर्च हाच ग्रंथाचा खरा रस होय. आरंभीची प्रकरणे मात्र संथ, आणि भाषा (स्पष्टच सांगायचे तर) रुक्ष आहे.

केवळ विद्यालयच हवे असल्यास जॉन बिअर्स यांची ‘मेज एरंट’ मालिका पाहावी. तिथला गुरू चक्क ग्रंथपाल आहे.