परदेशीं उतरल्यावर : टॅक्सी कीं हॉटेलची गाडी?

बारामती-इंदापूरकडच्या कुटुंबाचा परदेशप्रवास विमानांत सुरू होत नाहीं. तो घराच्या ओसरीवर सुरू होतो. बारामतीहून पुणें सुमारें शंभर किलोमीटर, इंदापुराहून त्याहूनहि अधिक, आणि पुण्यापासून मुंबईचा विमानतळ आणखी दीडशें. हा पल्ला बहुधा गांवांतल्याच भाड्याच्या गाडीनें तोडला जातो. चालक ओळखीचा असतो. आजोबांना पुढची जागा द्यावयाची, आजींसाठीं गाडी दोनदां थांबवावयाची, इंदापूरकर मंडळी असतील तर चहा भिगवणास घ्यावयाचा, हें त्यास सांगावें लागत नाहीं. भाडें आधींच ठरलेलें असतें, आणि घासाघीस व्हावयाची ती घरच्या दारांत होऊन गेलेली असते. या सर्व सोयीची किंमत कळते ती दहा-पंधरा तासांनंतर. परक्या विमानतळाचें कांचेचें दार आपोआप उघडतें, सामानाची ढकलगाडी घेऊन मंडळी बाहेर पडतात, आणि समोरच्या शेंकडों चेहऱ्यांत आपल्या ओळखीचा एकहि नसतो.

अशा वेळीं कोणत्या वाहनांत बसावें हा प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. पण तो घरीं सोडविला नाहीं तर तेथें तो फार मोठा होतो. रात्रभराचें जागरण, अंगावर थंडीचे कपडे, हातांत परकें चलन, आणि घरांतल्या वडील माणसांच्या तोंडाकडे पाहवत नाहीं अशी स्थिति. अशा मनःस्थितींत घेतलेला निर्णय क्वचितच शहाणपणाचा असतो. म्हणून त्याचा विचार येथेंच, शांतपणें करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम हॉटेलच्या गाडीविषयीं. खोली नोंदवितांना ‘विमानतळावरून आणण्याची व्यवस्था हवी काय?’ असें हॉटेल विचारतें. ही गाडी हॉटेलची स्वतःचीच असते असा आपला समज असतो. पुष्कळदां तसें नसतें. गांवांतल्या एखाद्या मोटारकंपनीस हॉटेल निरोप धाडतें, आणि आपला वांटा वर चढवून रक्कम आपल्या बिलांत घालतें. म्हणून ती टॅक्सीहून सामान्यतः महाग पडते. अमेरिकेंत आणखी एक घोंटाळा होतो. विमानतळालगतच्या कित्येक हॉटेलांची फुकट बसगाडी असते. तिला ‘शटल’ म्हणतात. ती ठराविक थांब्यावरून सुटते, आणि कांहीं ठिकाणीं तर आपण दूरध्वनि केल्यावांचून येतच नाहीं. शटल आहे असें वाचून ‘आपल्यास न्यायला माणूस येणार’ अशा समजुतीनें बसून राहणारीं कुटुंबें असतात. शटल वेगळी आणि नांवाची पाटी घेऊन उभा राहणारा चालक वेगळा.

हॉटेलच्या गाडीसाठीं जे जास्त पैसे मोजावयाचे ते वस्तुतः त्या पाटीचेच. तेवढ्यासाठीं ते द्यावेत कीं नाहीं, हें आपण कोणत्या गांवीं उतरतों यावर पुष्कळसें अवलंबून आहे.

टॅक्सीवाल्याविषयीं आपल्या लोकांच्या मनांत एक पिढीजात संशय आहे. स्टेशनावर टांगेवाल्याशीं हुज्जत घालणाऱ्या पूर्वजांकडून तो आपल्याकडे आला असावा! परंतु जगांतल्या कित्येक मोठ्या शहरांत या संशयास जागाच राहूं नये अशी कायद्यानें तजवीज केलेली आहे. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा चालक होण्यास शहरांतले सुमारें पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ असल्याची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा १८६५ पासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून मॅनहॅटन बेटावर जाण्यास पिवळ्या टॅक्सीचें भाडें मीटरवर नसून ठराविक आहे; २०२२ च्या डिसेंबरांत तें सत्तर डॉलर झालें. पथकर, गर्दीच्या वेळचा अधिभार, इतर किरकोळ आकार आणि बक्षिसी हीं वेगळीं. पॅरिसनें २०१६ त विमानतळ ते शहर असे ठराविक दर बांधून दिले. नदीच्या उजव्या तीरास एक आणि डाव्या तीरास दुसरा. सिंगापुरांत मीटर बिनचूक असतें. पण विमानतळाचा अधिभार असतो, आणि मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत मीटरच्या निम्मी रक्कम वर चढते. तेव्हां चालकानें आंकडा वाढवून सांगितला म्हणून तेथें रागावूं नये. दुबईस विमानतळावरील टॅक्सीचें मीटर पंचवीस दिरहमांपासून सुरू होतें. तेथें गुलाबी टपाच्या, बायकांनीं चालविलेल्या टॅक्सी खास स्त्रियांसाठीं आहेत. एकट्या जाणाऱ्या भगिनींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बँकॉकच्या सुवर्णभूमि विमानतळावर यंत्रांतून चिठी मिळते, तिच्यावर टॅक्सी कोठें उभी आहे तो आंकडा असतो. ती चिठी चालकास देऊन टाकूं नये, स्वतःजवळ ठेवावी. मीटरशिवाय पन्नास बाट अधिभार व पथकर द्यावा लागतो, तो रास्तच आहे.

या शहरांत एकटा तरुण, किंवा नवरा-बायको, दिवसाउजेडीं उतरत असतील तर हॉटेलच्या गाडीवर पैसे घालण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं. मात्र टॅक्सी म्हणजे अधिकृत रांगेंतली टॅक्सी. दाराच्या आंतच, सामानाच्या ढकलगाडीस हात लावून, “टॅक्सी पाहिजे का?” असें गोड आवाजांत विचारणारा मनुष्य भेटला तर तो कितीहि सभ्य दिसला, अगदीं हिंदी बोलला, तरी त्याच्यामागें जाऊं नये. लंडनांत तर खासगी मोटारवाल्यानें आधीं नोंदविल्याशिवाय उतारू घेणें हें कायद्याविरुद्धच आहे. रांग लांब असली तरी रांगेंतच उभें राहावें.

टोकियोच्या नारिता विमानतळाची गोष्ट निराळी. तो शहरापासून सुमारें साठ किलोमीटर दूर आहे. तेथें टॅक्सीचें भाडें ऐकून मनुष्य परत विमानांत बसेल! मोठमोठ्या हॉटेलांच्या दाराशीं नेऊन सोडणाऱ्या बसगाड्या तेथें आहेत, त्याच बऱ्या.

आतां आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांचा हिशेब पाहूं, कारण परदेशी प्रवासपुस्तकांत तो सांपडत नाहीं. तीं पुस्तकें दोन माणसें आणि दोन पेट्या गृहीत धरतात. आपल्याकडून आजी, आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडें अशीं सहा माणसें निघतात. अमेरिकेस जाणाऱ्या विमानांत पुष्कळदां माणशीं तेवीस किलोंच्या दोन पेट्या नेतां येतात. म्हणजे बारा पेट्या, शिवाय हातांतलें सामान आणि लोणच्याचा डबा. न्यूयॉर्कच्या साध्या टॅक्सींत चार उतारू बसतात, मोठींत पांच. लंडनच्या काळ्या टॅक्सींत पांच किंवा सहा. याचा अर्थ दोन टॅक्सी कराव्या लागणार, भाडें दुप्पट होणार, आणि कुटुंबाचे दोन भाग होणार. दुसऱ्या टॅक्सींत आजी-आजोबांना बसवावयाचें तर भाषेची अडचण. मुलांना बसवावयाचें तर सुनेच्या जिवांत जीव नाहीं. अशा वेळीं आधीं सांगून ठेवलेली आठ आसनांची मोठी गाडी महाग नसते. दोन टॅक्सींच्या बेरजेहून कित्येकदां ती स्वस्तच निघते. फक्त ‘सहा माणसें आणि बारा मोठ्या पेट्या’ हे शब्द पत्रांत स्पष्ट लिहावेत. माणसें तेवढीं कळविलीं आणि सामान कळविलें नाहीं, तर गाडी येते आणि पेट्या रस्त्यावर राहतात.

दुसरा अपवाद वृद्धांचा. साठी-सत्तरीचें जोडपें प्रथमच एकटें निघालें असेल, आणि विमान रात्रीं उतरणार असेल, तर शहर कितीहि सुव्यवस्थित असो, त्यांच्यासाठीं पाटीचा माणूस ठेवावा. येथें काटकसर करूं नये. परदेशीं उतरल्यावर आपला इकडचा फोन चालेलच असें नाहीं. विमानतळाच्या फुकट इंटरनेटला जोडून घेण्यास कधीं कधीं फोनवर आंकडा यावा लागतो, आणि तो आंकडा येण्यास फोन चालू असावा लागतो! मोबाइलवरून बोलावण्याच्या गाड्या स्वस्त असतात, सोयीच्याहि असतात. पण त्या तरुणांच्या कामाच्या. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खांबापाशीं गाडी आली आहे हें शोधीत आजोबांनीं फिरावें अशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें होईल.

येथें घरोघरीं निघणारा एक नाजूक विषय येतो. पुष्कळ आईवडील हॉटेलांत जातच नाहींत. ते मुलाच्या घरीं जातात. मुलगा न्यू जर्सींत एडिसनला राहतो, विमान केनेडी विमानतळावर उतरतें, आणि त्या दिवशीं त्यास कामावरून निघतां येत नाहीं. तो गाडी पाठवितों म्हणतो. इकडे लगेच सूर उमटतो, “आईबाप सातासमुद्रांपलीकडे गेले, आणि पोराला न्यायला यायला सवड झाली नाहीं!” आमच्या परिचयाच्या एका इंदापूरच्या घरांत याच वाक्यावरून जाण्याचा बेत आठवडाभर अडून राहिला होता. वस्तुतः तो मुलगा योग्य तेंच करीत होता. सत्तर डॉलरांचा ठराव मॅनहॅटनपुरता आहे. न्यू जर्सीच्या गांवांस तो लागू नाहीं, तेथलें भाडें टॅक्सीवाल्याशीं आधीं ठरवून घ्यावें लागतें. तें काम थकलेल्या वडिलांवर न टाकतां, रक्कम आधींच देऊन माणूस उभा करणें यांत उपेक्षा कोठें आली?

न्यायला येणारें माणूस आपल्या रक्ताचेंच असावें असा नियम कधीं नव्हता. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कच्या बंदरांत पोंचल्या. वय अठरा, पति बरोबर नव्हते. त्यांना उतरवून घेण्यास ज्या कार्पेंटरबाई आल्या, त्यांची आणि आनंदीबाईंची तोंवर दृष्टभेटसुद्धां नव्हती. होता तो केवळ पत्रव्यवहार. त्या पत्रांच्याच आधारावर आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बोट कोणती, ती केव्हां लागणार, उतरल्यावर कोणाकडे जावयाचें, एवढें आधीं ठरलेलें होतें, म्हणून तें साधलें.

तेव्हां गाडी ठरवितांना लेखी विचारून घ्यावें : रक्कम गाडीची कीं माणशी? पथकर व रात्रीचा आकार धरून कीं सोडून? चालक नेमका कोठें उभा राहील? आणि सर्वांत महत्त्वाचें, विमानास उशीर झाला तर तो किती वेळ थांबेल? कित्येक कंपन्या विमान टेंकल्यापासून पाऊण तास किंवा तास एवढाच वेळ फुकट थांबतात. अमेरिकेंत पारपत्र-तपासणीची रांगच कधीं तेवढा वेळ खाते. विमानाचा क्रमांक कळविला असेल तर चालक उशिराची दखल ठेवूं शकतो. नुसती वेळ कळविली असेल तर तो बिचारा निघून जातो, आणि पैसे मात्र बिलांत लागतात. युरोपास जाणारीं विमानें मुंबईहून पुष्कळदां मध्यरात्रीनंतर निघून तिकडे सकाळीं उतरतात, आणि हॉटेलची खोली दुपारीं दोन-तीनशिवाय मिळत नाहीं. गाडीनें घाईघाईनें नेऊन दिवाणखान्यांत बसविण्यासाठीं दामदुप्पट देण्यापूर्वीं हेंहि विचारावें.

आणि एक कागद. त्यावर उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता, दूरध्वनीचा आंकडा, गाडीवाल्याचा आंकडा, विमानाचा क्रमांक, सारें मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या खिशांत एक आणि आजींच्या पर्शींत एक असें द्यावें. जपान किंवा थायलंडांत जावयाचें असेल तर पत्ता त्या देशाच्या लिपींतहि छापून घ्यावा; हॉटेल तो आनंदानें पाठवितें. अमेरिकेंत पारपत्र तपासणारा अधिकारीहि मुक्कामाचा पत्ता विचारतो, त्या वेळीं तोच कागद उपयोगी पडतो. थोडें स्थानिक चलन, त्यांत लहान नोटा, मुंबईहूनच घेऊन निघावें.

परतीच्या वेळीं हा सारा खटाटोप निम्म्यावर येतो. हॉटेलच्या दरवानास सांगितलें कीं मीटरची टॅक्सी दारांत येते, रस्ता एव्हांना पायाखालचा झालेला असतो, आणि सामानहि हलकें असतें; निदान जातांना लोणच्याचा डबा तरी नसतो. मुंबईस घ्यावयास येणाऱ्या गांवच्या चालकास मात्र विमानाचा क्रमांक आणि उतरण्याची तारीख नीट समजावून द्यावी. रात्रीं बारानंतर उतरणाऱ्या विमानाची तारीख आदल्या दिवसाची धरून गाडी चोवीस तास आधीं येऊन उभी राहिल्याचीं उदाहरणें घडतात.