विश्लेषण : मुंबईच्या स्पायडरमॅनची माया 'काकू' की 'मावशी'? नव्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये मुंबई किती?

जून 2023 मध्ये 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यात मराठीही होती. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मराठीतच पाहिला. तेव्हा तो पहिलीत होता. चित्रपटातला भारतीय स्पायडरमॅन, म्हणजे पवित्र प्रभाकर, त्याला इतका आवडला की 'याचे पुस्तक आण' असा हट्ट सुरू झाला. पुस्तक मिळाले, पण इंग्रजी. मग एका रविवारी मी एकेक फुगा वाचत गेलो आणि जमेल तसा मराठीत सांगत गेलो. थोड्याच वेळात त्याने मला अडवले. 'मामा, ही माया त्याची काकू की मावशी?'

शाळेपासून कॉमिक्स वाचतो आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इंग्रजीत 'आंटी' म्हटले की काम भागते. मराठीत भागत नाही, नाते ठरवावेच लागते. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या सुपरहिरो कॉमिक्सकडे पाहताना हाच प्रश्न कसोटीचा वाटतो. आपल्या शहरात वावरणारा नायक आपल्या भाषेत बोलू लागतो, तेव्हा नेमके काय बदलते?

पवित्र प्रभाकर आला कुठून?

2004 मध्ये गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने मार्व्हलच्या परवानगीने 'स्पायडरमॅन : इंडिया' ही चार अंकांची मालिका काढली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे तिचे निर्माते. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, अंकल बेनचे झाले भीम आणि आंट मे झाली माया. पवित्र खेड्यातून मुंबईत शिकायला येतो. शाळेतली मुले त्याच्या कपड्यांची टर उडवतात. त्याला शक्ती मिळते ती किरणोत्सर्गी कोळ्याकडून नव्हे, तर एका योग्याकडून. वेशात निळ्या पँटऐवजी धोतर आहे.

कल्पना धाडसी होती. पण आज ते अंक वाचताना मुंबई पडद्यामागच्या चित्रासारखी वाटते. योगी, राक्षस, धोतर ही सगळी 'भारत' म्हणून दाखवण्याची सामग्री आहे. नावाचेही तसेच. 'पीटर पार्कर'शी यमक छान जुळते, पण महाराष्ट्रात प्रभाकर हे बहुधा वडिलांचे नाव असते. त्यामुळे 'पवित्र प्रभाकर' ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस साहजिकच विचारेल, 'बरं, आणि आडनाव काय?'

2023 मध्ये काय बदलले?

चित्रपटाने पवित्रला 'मुंबॅटन' नावाचे शहर दिले. मुंबई आणि मॅनहॅटन यांची ही जोडगोळी. इमारतीवर इमारत, पुलावर पूल, खाली न संपणारी वाहतूक. इथे पवित्र बिचारा नाही. तो खुशाल आहे, केसांची काळजी घेतो आणि 'चाय टी' म्हणणाऱ्या पाहुण्याला 'चाय म्हणजेच टी' हे सुनावतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आपल्या शहराची ओळख करून देत बसत नाही. त्यात तो राहतो.

त्याच महिन्यात मार्व्हलने पाच अंकांची नवी 'स्पायडरमॅन : इंडिया' मालिका सुरू केली. लेखक ब्रिटिश-भारतीय निकेश शुक्ला, चित्रे अभिषेक मालसुनी आणि ताडम ग्याडू यांची. माझे मत विचाराल तर चित्रपटाइतकी चमक या अंकांत नाही, मारामारीची पाने जरा घाईत उरकतात. पण 2004 च्या तुलनेत पवित्र इथे जास्त माणूस आहे. देश समजावून सांगण्याचे ओझे लेखकाने त्याच्या खांद्यावरून उतरवले आहे. नवख्या वाचकाने आधी हे पाच अंक वाचावेत आणि मग उत्सुकता म्हणून 2004 कडे जावे.

मुंबईत याआधी सुपरहिरो नव्हते का?

होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या राज कॉमिक्सने 'डोगा' आणला. हा मुंबईचा. कुत्र्याचा मुखवटा, दिमतीला भटकी कुत्री आणि ये-जा करायला शहराखालची गटारे. डोगाचा राग आज एकसुरी वाटतो, पण पावसाळ्यात तुंबणाऱ्या शहराच्या नायकाचा रस्ता गटारातून जातो, ही कल्पना अस्सल मुंबईची आहे. मात्र डोगा बोलतो हिंदीत.

मराठीत बोलणारे नायक त्याच्याही आधी होते. टाइम्स समूहाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते 1990 पर्यंत चालले आणि इतर भाषांबरोबर मराठीतही निघत होते. ली फॉकचा 'फँटम' मराठीत 'वेताळ' झाला.

हे नुसते नामांतर नव्हते. मूळ फँटमचे बिरुद 'चालणारे भूत' अशा अर्थाचे आहे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार, रात्री गावाला फेरी मारणारा. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला आजही भाविक चपला वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या झिजतात अशी श्रद्धा आहे. जंगलाची राखण करणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या न मरणाऱ्या अमेरिकी नायकाला याहून चपखल मराठी नाव सापडणे कठीण. बंगालीत हाच फँटम 'अरण्यदेव' झाला. इंद्रजालने भूगोलही बदलला. फँटमचा 'बंगाला' हा देश भारतीय वाचकाला बंगाल वाटू नये म्हणून 'डेंकाली' झाला, तर 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले.

याच इंद्रजालमध्ये 1976 मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. चित्रे होती गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर उडत नव्हता, मुखवटाही लावत नव्हता. डाकूंचा सामना करायला तो गावकऱ्यांनाच उभे करायचा. सुरती पुढे मीरा रोडला स्थायिक झाले. 2007 पासून प्लंबर सोबत घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम त्यांनी चालवले. बहादूर मोठेपणी काय करेल, याचे उत्तर जणू लेखकानेच दिले.

आणि आता गंमत पाहा. 2023 च्या चित्रपटातले मुंबॅटन रंगवताना कलाकारांनी डोळ्यांसमोर ठेवली होती ती इंद्रजालच्याच जुन्या अंकांची शैली. म्हणजे मुंबईत छापलेल्या कॉमिक्सचे रंग हॉलीवूडमार्गे मुंबईत परत आले. भाषा मात्र परतली ती चित्रपटगृहापुरतीच.

इतर नव्या अंकांत वाचण्यासारखे काय?

पवित्रच्या बाबतीत झालेला बदल एकट्या त्याचा नाही. दोन्ही मोठ्या अमेरिकी कंपन्या सध्या आपल्या नायकांना सामान्य माणसाच्या पातळीवर आणत आहेत.

अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन : डीसीची ही मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. इथल्या ब्रूस वेनकडे वाडा नाही, अब्जावधींचा वारसा नाही. वडील शिक्षक होते, आई हयात आहे आणि ब्रूस स्वतः सिव्हिल इंजिनीअर आहे. पुढे ज्यांच्याशी वैर व्हायचे असे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो, ते इथे त्याचे गल्लीतले दोस्त आहेत. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात सिव्हिलवाल्यांची थट्टा व्हायची, ती मी मागे घेतो. नव्या अंकांपैकी एकच घ्यायचा असेल तर हा घ्या. हिंसा भरपूर आहे, त्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका.

अल्टिमेट स्पायडरमॅन : मार्व्हल, जानेवारी 2024. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को चेकेटो. पीटर इथे तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे आणि तेव्हा कुठे त्याला शक्ती मिळते. अंकल बेनही जिवंत आहेत. काही अंक नुसत्या गप्पांचे आहेत आणि तेच मला सर्वांत आवडले. ऑफिस, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची दुसरी पाळी हे गणित 7.52 ची लोकल पकडणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

डेडपूल आणि बॅटमॅन : सप्टेंबर 2025 मध्ये मार्व्हलने आणि नोव्हेंबरमध्ये डीसीने दोघांची एकत्र कथा असलेला एकेक अंक काढला. 2003-04 मधल्या 'जेएलए-अ‍ॅव्हेंजर्स'नंतर दोन्ही घरांचे नायक इतक्या वर्षांनी प्रथमच असे भेटले. गाजावाजा मोठा, पण लग्नाच्या जेवणासारखे. त्या दिवशी मजा येते, नंतर काय खाल्ले ते आठवत नाही.

मग मराठीत का नाही?

मुख्य अडचण गणिताची आहे. परदेशी नायक छापायचा तर मूळ मालकाचा परवाना लागतो. त्यावर रंगीत छपाईचा खर्च. प्रती कमी काढल्या की प्रत्येक प्रत महाग पडते. इंद्रजालच्या मागे वर्तमानपत्राची स्वतःची छपाई आणि वितरणाची यंत्रणा होती. शिवाय रंगीत कॉमिक अनेक भाषांत छापताना रंग तेच राहतात, बदलते ती प्रामुख्याने काळ्या शाईतल्या मजकुराची प्लेट. त्यामुळे एक भाषा वाढवण्याचा खर्च नवे कॉमिक काढण्याइतका नसतो. पण त्यासाठी एकाच वेळी अनेक भाषांत काढण्याची तयारी हवी.

दुसरी अडचण कमी दिसणारी आहे. फुग्याचा आकार इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेला असतो. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात, ओळींना जास्त उंची लागते. त्याच जागेत बसेल असे नेमके, बोलके मराठी लिहिणे हे कौशल्याचे काम आहे. ते नुसते भाषांतर नाही. काकू की मावशी, तू की तुम्ही, हे ठरवताना अनुवादक त्या घराचे नातेसंबंध नव्याने लिहीत असतो.

चित्रपटाच्या मराठी आवृत्तीसाठी ही मेहनत घेतली गेली. पुस्तकासाठी ती होत नाही, तोवर मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाची या नायकाशी ओळख पडद्यावरच थांबते. चित्रपट अर्ध्यावर संपला आणि त्याचा पुढचा भाग 2027 मध्ये येणार आहे. मधल्या काळात वाचायचे काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

वाचायचे कुठे?

अमेरिकेत सुटा अंक चार ते पाच डॉलरला पडतो, म्हणजे सुमारे चारशे रुपये. वीस-पंचवीस मिनिटांच्या वाचनाला हे महागच. त्यापेक्षा पाच-सहा अंकांचे एकत्रित पुस्तक परवडते. मोबाइलवर वाचायचे तर 'मार्व्हल अनलिमिटेड' अ‍ॅपवर नवा अंक साधारण तीन महिन्यांनी येतो. किंडलवर सुटे अंक आणि एकत्रित पुस्तके, दोन्ही मिळतात. लहान पडद्यावर एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते, लोकलच्या गर्दीत ती कामी येते. अंधेरीला वर्सोव्यात 'लीपिंग विंडोज'ने कॉमिक्सची लायब्ररी आणि कॅफे एकत्र आणून बसून वाचण्याची वाट दाखवली होती. तशा जागा उपनगरांत आणखी हव्यात.

घरात लहान वाचक असेल तर आणखी एक उपाय आहे, बिनपैशाचा. इंग्रजी अंक घ्या आणि शेजारी बसून मराठीत वाचून दाखवा. पीटरचे अंकल बेन हे त्याच्या वडिलांचे भाऊ. त्यांच्यावरून भीम घडले, म्हणून पवित्रचे ते काका आणि माया काकू, असे आमच्या घरी ठरले. भाच्याला ते पटले. त्याने पेन्सिल घेतली आणि पुस्तकात जिथे जिथे माया आहे, तिथे फुग्याच्या बाजूला 'काकू' लिहून टाकले.