मामा तलाव : सिंचनापलीकडचा हिशेब

गोंदिया तालुक्यातील बिरसीच्या विमानतळाभोवती पावसाळ्याच्या अखेरीस पाहावे तिकडे धानाच्या बांध्या आणि त्यांमधून चमकणारे तलाव दिसतात. येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तलावांची परंपरा मात्र तिच्याहून कितीतरी जुनी. कोहळी समाजाच्या कसबातून गोंड राजवटीत ही परंपरा रुजली. पुढे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाचे झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन दप्तरात त्यांचे नाव 'मामा तलाव' पडले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांवर आहे.

तलाव काय देतो, या प्रश्नाला दप्तराचे उत्तर एकच : इतके हेक्टर सिंचन. वस्तुतः सिंचन हा त्याच्या देण्यातील एक भाग होय. विहिरींना पाझर, गुरांना पाणी, ढिवर कुटुंबांना मासळी, शिंगाडा व कमळकंद, पुराच्या पाण्याला विसावा आणि पक्ष्यांना आसरा हीदेखील त्याचीच देणी. शास्त्रज्ञ यांना 'परिसंस्थेच्या सेवा' म्हणतात. त्यांची नोंद होत नसल्याने त्या कमी झाल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही; झळ लागते ती जाळे टाकणाऱ्याला.

जमिनीचा वापर बदलला की हे घडते. वरच्या अंगाचे जंगल तुटून शेत झाले म्हणजे पहिल्याच पावसाबरोबर माती तलावात येते. पाणी ओसरताच गाळपेर जमिनीवर नांगर फिरतो आणि तात्पुरती पेरणी हळूहळू कायमच्या अतिक्रमणात बदलते. कुंपणासाठी लावलेली बेशरम उथळ काठ व्यापते. ती विषारी असल्याने गुरेही तिला तोंड लावीत नाहीत. आणि खरा जीव तर या उथळ काठातच असतो. तेथील गवत व पाणवनस्पतींत मासे अंडी घालतात, तेथेच सारस कंद उकरतो. म्हणून खोलीकरणही विचारपूर्वक व्हावे. यंत्राने सरसकट खोदून काठ उभा केला, तर पाणीसाठा वाढलेला दिसेल, पण मासळीची पाळणाघरे जातील. असा तलाव म्हणजे नुसती टाकी.

झिलमिली, परसवाडा या तलावांचे नाव सारसामुळे दूरवर पोचले. राज्यात हा पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया-भंडारा परिसरातच उरला असून त्याची संख्या अगदी मोजकी आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या संरक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. कायद्याची एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. १९७१ च्या रामसर करारात मानवनिर्मित पाणथळीही येतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय आणि धानशेती वगळली आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा लाभला. मामा तलावाचा बचाव बहुतांशी ग्रामसभेच्या ठरावावर, अतिक्रमण हटविण्यावर आणि मत्स्यव्यवसायाच्या अटींवरच अवलंबून आहे.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्री-पुरुषांनी हे काम हाती घेऊन दाखविले आहे. उन्हाळ्यात तळ उघडा पडताच बेशरम मुळासकट उपटावयाची, तळ नांगरावयाचा आणि पाऊस पडल्यावर जवळच्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती काठाने लावावयाच्या, अशी त्यांची रीत. मोठे मासे सोडण्याआधी ते गवत रुजू देतात. अशा तलावांत देशी मासळी पुन्हा दिसू लागली आहे.