टप म्हणजे छत नव्हे

छत उघडणारी जुनी छोटी गाडी म्हटलं की भद्रावतीत एमजी किंवा ट्रायम्फ कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येते ती जिप्सी. मोहर्ली गेट आपल्याच तालुक्यात असल्याने ताडोब्यातल्या उघड्या जिप्सी रोजच्या पाहण्यातल्या. शिवाय लिलावात घेतलेल्या किंवा कुणाच्या वडिलांनी जपलेल्या कॅनव्हास टपाच्या जिप्सीही गावात आहेत. डिसेंबर १९८५मध्ये मारुतीने ही गाडी बाजारात आणली आणि तीसेक वर्षं चालवून बंद केली. सुटीच्या दिवशी क्रिकेटचं किट, सायकल, कॅरम बोर्ड, भाले असं सगळं घेऊन पोरं तिच्यातून वरोऱ्याला, वणीला स्पर्धांना निघतात. कुठली वस्तू कुठे ठेवायची, याबद्दल मात्र प्रत्येकाचं शास्त्र वेगळं.

सगळ्यांत महागात पडणारा समज टपाबद्दलचा. ‘आतून लोखंडी पाइप आहेत ना, मग वजन पेलेल.’ मीही असंच समजून एकदा पोराची सायकल आडवी करून टपावर बांधली होती. माजरीकडच्या खराब रस्त्यावर दोन-चार दणके बसले आणि मधली कमान वाकली, पेडलच्या टोकाने कॅनव्हास वीतभर फाटला, मागची प्लास्टिकची खिडकीही उसवली. मिस्त्रीने खालून वर पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे छत नाही जी, छत्री हाय. छत्रीवर सायकल ठेवते का कोनी?”

वस्तुस्थिती त्याने एका वाक्यात सांगितली. त्या कमानी कापड ताणून धरण्यापुरत्या असतात. पत्र्याच्या गाडीत छतावरचं वजन खांबांवाटे खाली उतरतं. इथे ते दोन-चार खाचांवर आणि शिवणीवर येतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा ४७ अंशांवर गेला की कॅनव्हासचा धागा कमजोर होतो, पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडून तडकतं आणि बांधायचा रबरी दोरही कडक होऊन चिरतो. परदेशातले लोकसुद्धा टपाला हात लावत नाहीत. १९८९मध्ये आलेली माझदा मियाटा ही दोन माणसांची इवलीशी उघडी गाडी. तिचे हौशी मालक बर्फावर घसरायच्या पट्ट्या न्यायच्या असल्या तर मागच्या डिकीच्या झाकणावर रॅक बसवतात.

‘सफारीच्या जिप्सीत माणसं उभी राहतात, मग आपल्या गाडीवर सामान का नाही?’ असंही विचारलं जातं. त्या गाड्यांचा टप काढलेलाच असतो आणि जंगलात त्या रांगत चालतात. तुम्ही चंद्रपूर-नागपूर रस्त्याला असता आणि समोरून कोळशाचा ट्रक सुसाट येत असतो.

वेगाचा आणि अशा ट्रकचा वारा लोक हिशेबात धरत नाहीत. ‘हलकंच तर आहे’ म्हणतात. पण वारा वजन पाहत नाही, तो पृष्ठभाग आणि वेग पाहतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कॅरम बोर्ड मागे उभा करून बांधला, तर त्याचा चौकटीसकट पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरच्या थोडा वर भरतो. वारा त्याच्यावर सरळ येत असेल, तर ताशी ४० किलोमीटरला साधारण सात किलोचा रेटा बसतो, ८०ला जवळपास तीस किलोचा. ट्रकच्या झोताचा धक्का आणखी वेगळा. आणि एवढं सगळं आपण स्कूटरच्या हुकवाल्या रबरी दोरावर सोपवतो! तो दोर धक्का बसला की ताणतो, म्हणजे नेमका नको तेव्हा सैल पडतो. हुक सुटला तर डोळ्यावर येतो. रॅचेटचा पट्टा घ्या, तो ताणत नाही.

‘जुनं लोखंड आहे, काहीही वाहील’ हे अर्धंच खरं. चासी दणकट आहे, पाटे चिवट आहेत, पण गाडी जेमतेम टनभराची, अरुंद आणि उंच. सुझुकीच्या याच घराण्यातली सामुराय ही आखूड गाडी उलटते, असं अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने १९८८मध्ये लिहिलं. कंपनी कोर्टात गेली आणि वाद २००४मध्ये तडजोडीने मिटला. कोण बरोबर होतं ते सोडा. वजन जितकं वर चढवाल, तितकी वळणावर गाडी कलंडायला सोपी, हे भौतिकशास्त्र कुठल्याच कोर्टात बदलत नाही.

लाल फडक्याची तर श्रद्धाच आहे. भाल्याचं टोक बाहेर काढलं, त्याला लाल चिंधी बांधली की झालं कायदेशीर! २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ)नुसार पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्च तुमचाच. चिंधीने त्यात सूट मिळत नाही. मागच्या स्टेपनीवर सायकल अडकवणाऱ्यांनी नंबर प्लेट आणि लाल दिवा झाकला जातोय का, तेही पाहावं.

आता उलट टोकाचा गैरसमज: एवढ्याशा गाडीत काही मावतच नाही. मावतं की! मागच्या आडव्या बाकांची बैठक उचलली की हौदा मोकळा होतो. सायकलची दोन्ही चाकं काढा, सांगाडा जमिनीवर आडवा, चाकं बाजूला. महिलांचा भाला २.२ ते २.३ मीटरचा असतो. तो पुढच्या पायाजवळून मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरका घातला की आमच्या गाडीत बसतो, पुरुषांच्या २.६ ते २.७ मीटरच्या भाल्यासाठी मात्र कसरत करावी लागते. क्रिकेटची बॅट नियमाने ९६.५२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसतेच, तिची काळजी नको. काळजी किटची. ताशी ५० वरून गाडी कशावर आदळून मीटरभरात थांबली, तर मागे मोकळी पडलेली १२ किलोची बॅग साधारण १२० किलोच्या जोराने पुढच्याच्या पाठीत बसते. म्हणून हौद्यातली बॅगही बांधा.

मल्लखांबाचा खांब मात्र या गाडीत नेऊ नका. जमिनीवरच अडीच मीटरहून उंच आणि जड सागवान; त्याला ‘छोटा हत्ती’ टेम्पोच सांगायचा.