एक कोयता म्हणजे किती माणसं?

आजचा भाग एकाच शब्दावर आहे. कोयता.

तयारी करताना मी फोनवर नुसतं 'कोयता' टाकून शोधलं, तर पानभर कोयता गँग. पुण्याच्या बातम्यांत हा शब्द असा बसलाय की तो ऐकला की दुचाकीवरून दहशत माजवणारी पोरंच डोळ्यांपुढे येतात. पण शिरूर-दौंडकडं दिवाळीनंतर कोणी विचारलं, "किती कोयते आले?" तर तो ऊसतोडीबद्दल विचारत असतो. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, म्हणजे कारखाने आमच्या भागाला नवे नाहीत. बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात, कोप्या घालतात आणि हंगाम संपेपर्यंत राहतात.

आता सांगा, दहा कोयते म्हणजे किती माणसं? दहा नाही, वीस. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'.

अवजारावरून किंवा अवयवावरून माणसाला ओळखायची सवय सगळ्याच भाषांना आहे. आपण म्हणतो, "कामाला चार हात लागतील." डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यांना ऊसतोडीत 'डोकी सेंटर' म्हणतात. इंग्लंडच्या गिरण्यांत मजुरांना नुसतं 'हात' म्हणायचे, डिकन्सने १८५४ च्या 'हार्ड टाइम्स'मध्ये त्यावर बोट ठेवलंय. पण तिथं निदान प्रत्येक माणसाचे हात वेगळे होते. इथं दोघांत मिळून एक अवजार.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, म्हणून मला यात टेबल दिसतं. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. तोड टनावर मोजली जाते आणि त्यातून उचल फिटते. म्हणजे एका ओळीत दोन माणसं कोंबली आणि नावाचा रकाना एकच ठेवला. आता क्वेरी चालवा: या बाईची मजुरी किती? तिने किती दिवस काम केलं? उत्तर शून्य येत नाही, उत्तरच येत नाही. शून्य आलं असतं तर कोणीतरी दचकलं तरी असतं.

ती आजारी पडली तर मात्र नोंद होते. कामावर न गेल्याचा 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस असोत की ताप, खाडा तो खाडाच. कोपीजवळ पाण्याची नीट सोय नाही, संडास नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न तपासला. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शब्दामुळे पिशव्या काढल्या गेल्या, असं मी म्हणत नाहीये. त्यात गरिबी आहे, लवकर झालेली लग्नं आहेत, भीती घालणारे डॉक्टर आहेत. पण जिची हजेरीच वेगळी नाही, तिला सुट्टी कशी मागता येणार?

आणि एक. घाबरट माणसाला आपण सर्रास विचारतो, "बांगड्या भरल्यात का?" ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईच्या हातात काय असतं, ते एकदा बघा. (ही म्हण मीही कॉलेजात वापरलीय. कोणाला उद्देशून, ते नको विचारू.)

काही जण म्हणतील, शब्द बदलून काय होणार? खरंय, वहीत 'कोयता' खोडून 'कुटुंब' लिहिलं तर काहीच होणार नाही. कुटुंब म्हटलं तरी ओळ एकच. दोन ओळी हव्यात. दोन नावं, दोन हजेऱ्या, दोन हिशोब.

गेल्या हंगामात दौंडकडं मामाच्या उसात टोळी होती. मी मुकादमाला विचारलं, किती जण? "बारा कोयते." नावं? बाराही गड्यांची धडाधड सांगितली. बायकांची विचारली तर, "ही त्याची, ती त्याची." मग मोळी बांधणाऱ्या एका ताईंनाच विचारलं, ताई, तुमचं नाव कुणाच्या वहीत आहे का? त्यांनी पाचट झटकत नवऱ्याकडं मान केली.

"मी ह्यांच्या कोयत्यात."