सिंगल-कॉइल पिकअप: जुन्या घडणीचे आकर्षण आणि त्याची किंमत

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप समजायला शाळेतले विद्युतचुंबकीय प्रवर्तन पुरते. पोलादी तारेखाली चुंबक असतो, त्यामुळे तारही थोडी चुंबकित होते. ती कंप पावली की कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये अल्प विद्युतदाब निर्माण होतो. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमधले पिकअप इतकेच साधे होते: अल्निकोचे सहा दांडके आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे ८,००० वेढे.

या कॉइलला खोलीतल्या विजेची भुणभुणही ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून गिब्सनने १९५७ मध्ये दोन कॉइलचे हमबकर गिटारवर बसवले. मग आजही लोक जुन्या घडणीचे सिंगल-कॉइल का मागतात? केवळ जुन्याचे वेड म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका.

एक कॉइल तारेचा अगदी थोडा भाग ‘पाहते’. हमबकर दोन जागी पाहतो, म्हणून वरच्या अधिस्वरांपैकी काही तिथल्या तिथे एकमेकांना खोडतात. दुसरे कारण वेढ्यांचे. वेढे वाढले की आवाज मोठा होतो, पण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा कॉइल २.४ हेन्रीची आणि केबल धरून धारिता ५०० पिकोफॅरड आहे. सूत्रात घाला: अनुनाद सुमारे ४,६०० हर्ट्झला येतो. त्याच केबलवर ४.४ हेन्रीच्या कॉइलचा अनुनाद ३,४०० च्या आसपास उतरतो, आणि त्याच्या वरचे अधिस्वर झपाट्याने क्षीण होतात. तंबोऱ्याची जवारी बिघडली की सूर तोच राहतो, पण झंकार मिटतो; कानाला येणारा फरक त्या जातीचा आहे. कमी वेढ्यांच्या पिकअपमध्ये तार छेडल्याची टोकदार सुरुवात आणि बोटाचा हलका-जड आघात वेगळे कळतात.

आता किंमत. ‘इंडियन ओशन’ (१९९०) आणि ‘परिक्रमा’ (१९९१) हे बँड दिल्लीचेच, तेव्हा तेथे शिकायला गेलेल्या मुलाला असे गिटार घ्यावेसे वाटले तर नवल नाही. पण करोलबागेतली भाड्याची खोली असो की नोएडातला फ्लॅट, आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे भुणभुणीचा मूळ सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, गिटारच्या सर्वात खालच्या तारेपेक्षाही (८२ हर्ट्झ) खाली. एवढ्याने फारसे बिघडत नाही. त्रास देतात त्याच्या वरच्या पटी, आणि त्या वाढवतात ट्रायॅकचे फॅन रेग्युलेटर, डिमर आणि स्वस्त चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर. दुकानात शांत वाटलेले गिटार घरी वीज गेल्यावर करवादते ते यामुळे.

एक चाचणी करा. तारांना हात लावल्यावर आवाज घटला, तर तो विद्युतक्षेत्रातून येतो आहे. पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडल्यास फरक पडेल. हात लावून काहीच होत नाही, पण गिटार फिरवल्यावर आवाज कमी-जास्त होतो, तर तो चुंबकीय आहे. तिथे पट्टीचा उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसा.

येथे धोका लक्षात घ्या. तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ खरोखर जोडलेला नसेल, तर ॲम्प्लिफायरमधल्या बिघाडाचा विद्युतदाब थेट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकतो. भुणभुण जाते म्हणून तिसरी पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मग पिकअपवर पैसे घाला.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा. १९५० च्या दशकात गिटारची तिसरी तार वेढ्यांची असे, म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच ठेवत. आज ती तार बहुधा साधी असते, त्यामुळे हुबेहूब जुन्या रचनेत तीच एक तार बाकीच्यांवर ओरडते. सारख्या उंचीचे चुंबक घेतलेले बरे. दुसरे, मधले पिकअप उलट गुंडाळलेले व उलट ध्रुवाचे आहे का? मूळ गिटारात ते तसे नसे. असेल, तर पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी भुणभुण जवळजवळ नाहीशी होते, आणि एकेकट्या पिकअपचा आवाज मात्र तसाच राहतो.