सावली फिरते, साखळी फिरत नाही



गाई-म्हशींच्या उन्हाळी काळजीचे मेसेज आपण नेहमी पाठवतो. आज वस्तीवर राखण करणाऱ्या कुत्र्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आमचा मोत्या उन्हानं गेला. सकाळी शेडच्या पश्चिमेला चांगल्या सावलीत बांधला होता, शेजारी पाण्याचं पातेलं. घरचे सगळे लग्नाला. दुपारनंतर तिथं ऊन आलं, साखळी मात्र तेवढीच. पातेलंही कलंडलेलं. चार वाजता परत आलो तेव्हा उशीर झाला होता. चूक आमचीच, म्हणून सांगतोय.

*कुत्र्याला ऊन लवकर का बाधतं?*
आपण घामानं थंड होतो. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम जवळपास येतच नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा वाळला की अंग निवतं. पाणी मिळालं नाही तर हे जमत नाही, आणि हवा दमट असली तरी नीट जमत नाही. म्हणून माण-जतच्या कोरड्या उन्हाइतकंच कृष्णाकाठी पाणी दिलेल्या उसाजवळचं कोंदट वातावरणही धोक्याचं.

*काय करायचं?*
१. सकाळी ११ ते ४ साखळी सोडा. सोडता येत नसेल तर लिंब-चिंचेखाली लांब दोरीनं बांधा. दुपारी तीनला सावली कुठं असते ते आधी बघून ठेवा.
२. पाणी दोन ठिकाणी ठेवा, मातीच्या परळात किंवा सिमेंटच्या कुंडीत. हलकं भांडं कलंडतं.
३. शेडच्या पत्र्याला वरून चुना मारा. चूल जवळ नसेल तर पाचट टाकलं तरी चालेल.
४. युरिया विरघळवलेली टाकी आणि फवारणीचा बॅरल झाकून ठेवा. तहानलेलं जनावर कुठलंही पाणी पितं. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नका.
५. भर दुपारी डांबरी रस्त्यावरून गाडीमागं पळवू नका, पंजे भाजतात. पिकअपच्या बंद केबिनमध्ये थोडा वेळसुद्धा कोंडू नका.

*ऊन लागल्याची खूण:* न थांबणाऱ्या धापा, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका.

*लगेच काय करायचं?* सावलीत आणा. सगळ्या अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओलं पोतं अंगावर तसंच ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर स्वतःहून पिऊ द्या, तोंडात पाणी ओतू नका. माणसाची तापाची गोळी अजिबात देऊ नका. अंगावर पाणी घालत घालतच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवाच, आतला त्रास नंतर वर येतो.

रात्रभर आपला माल राखणाऱ्याला दुपारची सावली आपण द्यायची. आज घरी गेल्यावर साखळी कुठं बांधलीय तेवढं बघा.

काही शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी